चांदी राहिली, नाळ गेली

१

डबी जागच्या जागी होती. चांदीची, लिंबाएवढी, झाकणावर मोर कोरलेला. झाकणही घट्ट लागलेलं. आत मात्र काहीच नव्हतं.

कल्पनाबाईंनी ती उपडी केली, तळहातावर आपटली, पुन्हा आत डोकावून पाहिलं. मग अशी काही आरोळी ठोकली की पाटातली बदकं फडफडत पलीकडच्या काठाला गेली.

“माझ्या नातवाची नाळ नेली गं! चांदी ठेवली आन् नाळ नेली!”

शुभांगी तेव्हा कमानीच्या पुलाखाली धुतलेल्या चादरींचे गठ्ठे होडीतून उतरवून घेत होती. हाक ऐकली तशी गठ्ठा तिथंच टाकून ती पळत सुटली.

‘जलवाटा’ ही मुळशीच्या धरणाकाठची बड्या लोकांची विसाव्याची जागा. मालक बंडोपंत एकदा व्हेनिसला जाऊन आले आणि तिथल्या कालव्यांच्या प्रेमात पडले ते पडलेच. तिकडं म्हणे जुन्या हवेल्यांमधून अशी हॉटेलं आहेत. दाराशी होडी लागते, आत गेलं की तेल, वाफ, अत्तरं आणि शांतता. परत आल्यावर त्यांनी इथली शेतजमीन घेतली, पाणी आत खेळवलं, काठाकाठानं गुलाबी घरं बांधली. घरांना नावंही तिकडचीच दिली. पण मावळ तो मावळच. गावानं त्याला ‘पाटावरचं हाटेल’ म्हणून टाकलं, आणि ‘सान मार्को’ नावाच्या घराचं होडीवाल्या नथूनं पहिल्याच आठवड्यात ‘सान मारुती’ केलं.

या सान मारुतीत सव्वा महिन्यापासून बाळंतीण उतरली होती. सूसच्या कल्पनाबाईंची सून गौतमी. दवाखान्यातून आली ती थेट इथंच. मालिश, शेक, धुरी, डिंकाचे लाडू, सगळं होडीतून दारात, आणि रोज उन्हं कलली की होडीतून एक फेरी. हॉटेलची जमीन एके काळी कल्पनाबाईंच्याच घरची, त्यामुळे बाई इथं पाहुण्यासारख्या कमी आणि मालकिणीसारख्या जास्त वावरायच्या. आज सव्वा महिना पुरा होत होता. संध्याकाळी मंडळी सूसला जायची होती, तिकडं बारशाचा मांडव पडला होता. आणि आजच हे!

शुभांगी आत आली तेव्हा खोलीत उलथापालथ झालेली. गादी भिंतीला टेकवलेली, दुपटी जमिनीवर, कपाट उघडं. कल्पनाबाई पलंगाखाली वाकलेल्या. गौतमी हुंदके आवरत बाळाच्या पिशव्या चाचपत होती. दाराशी तेलाची वाटी घेऊन मालिशवाली सोनाली उभी. खिडकीशी गौतमीचा नवरा किशोर बाळाला खांद्यावर घेऊन बाहेर पाण्याकडं बघत होता.

“अरे, तूही बघ की जरा!” कल्पनाबाई लेकावर खेकसल्या.

“बघतो,” किशोर म्हणाला, आणि जागचा हलला नाही.

हरवलेलं हुडकणं ही शुभांगीच्या हातची विद्या. साफसफाईच्या सगळ्या बायका तिच्या हाताखाली. कुणाची अंगठी, कुणाची कवळी तिनं शोधून दिली होती, एकदा तर एका बाईंचा नवरासुद्धा. तो वाफेच्या खोलीत घोरत पडलेला. तिनं डबी हातात घेतली, वळवून पाहिली.

“काकू, उंदरानं तर नाही ना...”

“उंदीर जाताना झाकान लावून जातो व्हय? काल दिवेलागणीला मी सोताच्या डोळ्यांनी बघितलीया. कोथरूडची एक पोरगी नाळ काचेत घालून लॉकेट करून देती, ती आज न्यायला यायची होती. आता तिला काय दावू, रिकामी डबी?”

मग कल्पनाबाई सरळ उभ्या राहिल्या आणि त्यांची नजर दाराशी गेली.

“चांदीचा चोर चांदी नेतो. नाळ कोन नेतं, मला सांगा. जिची कूस रिकामी हाय, ती नेती. करणी करायला नेती!”

सोनालीनं वाटी पडू दिली नाही. तेल तेवढं काठावरून तिच्या बोटांवर ओघळलं.

२

“अहो शुभांगीबाई, तिकडं असलं काही होत नाही हो!” बंडोपंत कपाळ चोळत म्हणाले.

“तिकडच्या बायकांना नाळ नसते का सर?”

“थट्टा नको. कल्पनाबाई म्हणतात, संध्याकाळी निघायच्या आत चोर हजर करा, नाहीतर त्या मुलीला हाकला. आणि नाही हाकलली तर आपण स्वतः तिच्या वाडीवर जाऊन सांगणार, ही कोण आहे ते. मी काय करू? मला करणीबिरणी पटत नाही, पण पाहुणे...”

“संध्याकाळपर्यंत थांबा,” शुभांगी म्हणाली. “तोवर सोनालीला कुणी काही बोलायचं नाही.”

सोनाली तेलाच्या खोलीत स्टुलावर बसली होती. रडत नव्हती. तेच शुभांगीला जास्त लागलं.

धनगराची पोर. आईबाप मेंढरं घेऊन रानोमाळ, ही मावशीकडं राहून शिकली, मालिशीचं रीतसर शिक्षण घेतलं. हात असा की रडून निळं पडलेलं पोर तिच्या मांडीवर दोन थापट्यांत जांभया द्यायला लागायचं. लग्नाला बरीच वर्षं झाली, स्वतःची मांडी मात्र रिकामी. सासू बयाबाई हल्ली लेकाच्या, सिद्धनाथच्या, दुसऱ्या लग्नाचं उघड बोलायला लागली होती.

“ताई, कामाचं काय न्हाई,” सोनाली म्हणाली. “काम दुसरीकडं मिळंल. पन हे बोलनं वाडीवर गेलं तर मी संपले. करनीवाली म्हनल्यावर कुठली आई मला लेकरू हातात दील? आन् घरात तर त्यांना कारनच पायजे हाय.”

“मला एक सांग. नाळ पडली कुणाच्या हातात?”

“माझ्याच की. हितंच, आंघोळ घालताना. मीच मलमलीत गुंडाळली आन् काकूंच्या हातात दिली.”

“म्हणजे तुला हवी असती तर...”

“पान्याबरूबर व्हावून गेली म्हनले आसते, तर कोन इचारत व्हतं? हे सांगितलं काकूंना. ऐकतंय कोन!”

शुभांगीच्या मनातल्या यादीतलं पहिलं नाव तिथंच गळलं. जिच्या तळहातावर वस्तू आपण होऊन पडली, ती तीच वस्तू मागाहून कुलपाच्या घरात शिरून कशाला चोरेल? सोनाली नव्हे. मग कोण?

“गौतमीवहिनी बोलते ना तुझ्याशी मालिशीच्या वेळी? नाळेवरून घरात काही वाद? काही दुखलंखुपलं?”

सोनालीचं तोंड एकदम मिटलं. दार लोटून कडी घालावी तसं.

“टेबलावरचं बोलनं टेबलावरच ऱ्हातं, ताई. आमाला पयल्या दिवशी ह्येच शिकिवत्यात.”

“अगं, तुझ्या गळ्याशी आलंय!”

“म्हनून काय तिच्या गळ्याशी आनू?”

काहीतरी होतं तर. आणि ते इतकं नाजूक होतं की ही पोरगी स्वतःचा संसार पणाला लावून ते झाकत होती.

३

सान मारुतीच्या पायऱ्यांवर पाय ठेवला आणि आत बाळ रडायला लागलं. शुभांगीचा पदर बघता बघता ओला झाला. तिची स्वतःची पिंकी कासार आंबोलीला सासूपाशी होती, आठ महिन्यांची. पण दुधाला कुठलं कळतंय रडणारं पोर आपलं की परक्याचं. तिनं पदर पुढं ओढला नि आत गेली.

गौतमी पाजायला बसली होती. डोळे सुजलेले. कल्पनाबाई बॅगा भरता भरता आपटत होत्या.

“वहिनी, काल रात्री खोलीत कोण कोण होतं?” शुभांगीनं हळूच विचारलं.

“आम्हीच. आई, मी. हे ऑफिस सुटल्यावर हिंजवडीहून परस्पर आले. सोनाली संध्याकाळी धुरी देऊन गेली ती सकाळीच आली.” गौतमीनं बाळाचं डोकं नीट धरलं. “मला खरं तर ते लॉकेट वगैरे काही नकोच होतं. आईंची हौस. पण सोनालीला काही म्हणू नका हो. तिच्यामुळे मी उभी आहे. याच्या वेळी दूध लगेच आलं, तेही तिनं...”

“पहिलटकरणीला कुठं येतंय एवढं लवकर!” कल्पनाबाईंनी मधेच वाक्य हिसकून घेतलं. “नशीब हिचं. आता बोलत बसू नगंस, पाज त्याला.”

दोघींनीही माना खाली घातल्या. एकीनं बाळाकडं, दुसरीनं बॅगेकडं पाहिलं.

शुभांगी बाहेर ओसरीवर आली आणि कठड्याला टेकून उभी राहिली. याच्या वेळी. ती स्वतः पिंकीबद्दल किती बोलायची, सासू वैतागेपर्यंत बोलायची. पण ‘हिच्या वेळी’ असं तिच्या तोंडून कधी आलं नव्हतं. येणार कसं? तिच्याकडं वेळ एकच होती. दुसरी असल्याशिवाय पहिलीला वेगळं काढून कोण दाखवतं?

म्हणजे गौतमीला याच्या आधी एक होतं. आणि ते या घरात नव्हतं. त्याचं नावही या घरात निघत नव्हतं.

बरं, असेल. पण त्याचा या डबीशी काय संबंध?

ओसरीच्या टोकाला किशोर उभा होता, पाठमोरा. अजूनही पाण्याकडंच बघत. आत घरभर बायका नाळ शोधतायत आणि हा माणूस सकाळपासून एक उशीसुद्धा उचलत नाही, हे शुभांगीच्या आत्ता नीट ध्यानात आलं.

४

स्वयंपाकघरात रंभाबाई शेवटचे लाडू वळत होत्या.

“मावशी, सकाळी सान मारुतीत काय काय गेलं?”

“रोजचंच. बाईंना अळिवाची खीर, काकूंना चहा. आन् हां, ते किशोरदादा सोताच आल्ते, उजाडायच्या वक्ताला. वाटीभर दूध मागितलं. कच्चं, बिनसाखरेचं.”

“बाळासाठी?”

“बाळाला आईचं हाय की गं, धो धो! मी म्हनलं, दादा चहा टाकते. नगं म्हनले. एरवी ती काळी कडू कापी पितंय ते बाबा.”

“वाटी परत आली?”

“आली की, इसळून. बाप्यामानसाचं इसळनं मेलं! आतनं लखलखीत आन् बुडाला ह्यो चिखुल.”

शुभांगीनं तोंडाशी नेलेला लाडूचा तुकडा तसाच खाली आणला. ज्या वाटीतून दूध पितात तिच्या बुडाला चिखल लागत नाही. ती वाटी ओल्या जमिनीवर टेकवलेली होती. आणि माघाच्या या कोरड्या दिवसांत ओली जमीन फक्त पाटाच्या काठाला.

“नथूकाका, मला सगळा पाट फिरवून आणा,” तिनं धक्क्यावर येऊन सांगितलं.

नथू म्हणजे बोलका पोपट. मालकांनी घालायला लावलेल्या पट्ट्यापट्ट्यांच्या शर्टात तो तुरुंगातून पळालेल्या कैद्यासारखा दिसायचा, पण होडी सोडली की त्याची जीभही सुटायची. पाहुण्यांना तो सांगायचा, ह्या पुलावरनं पेशव्यांचा हत्ती गेल्ता. पूल तीन वर्षांपूर्वीचा! आजही वल्हं मारता मारता त्याची टकळी चालूच होती. “ह्या बदकीनं बघा नवरा बदलला... कालच्या त्या बाई, अंगाला समदा चिखुल फासून बसल्या, आन् वरनं पैशे दिले. आमी जलमभर चिखलात, आमाला कुनी...”

आणि तो थांबला.

होडी वळणावर आली होती. इथं पाट उगाचच बाक घेत होता. सरळ आलेलं पाणी एका करंजाच्या झाडाला लांबून वळसा घालून पुन्हा सरळ जात होतं. नथूनं डोक्यावरची टोपी काढली, वल्हं अलगद पाण्यात सोडलं. वळण सरलं, टोपी डोक्यावर गेली आणि, “...तर सांगायचं म्हंजी...”

शुभांगीनं हे कितीदा तरी पाहिलं होतं. पाहिलं होतं, पण बघितलं नव्हतं.

“काका, इथं पाटाला बाक का हो?”

“मालकांनला इचारा,” नथू म्हणाला, आणि नंतर धक्का येईपर्यंत अवाक्षर बोलला नाही. नथू! गप्प!

बंडोपंतांना मात्र सांगायला आनंदच झाला. “अहो, ती जमीन विकणाऱ्याची अट होती. किशोरचीच. वडील गेल्यावर व्यवहार त्यानं केला. भावात घासाघीस केली नाही, बाकी काही मागितलं नाही. एवढंच म्हणाला, करंजाखालचा तुकडा खणायचा नाही. मी विचारलं, देव आहे का? नाही. विहीर? नाही. झाडही काही वडपिंपळ नव्हे. मग म्हटलं, वळवू कालवा. व्हेनिसमध्ये एक कालवा सरळ सापडला तर शपथ!”

शुभांगी पायीच करंजाकडं गेली. झाडाखाली कुणी येत नसे, वाळकी पानं साचलेली. एका जागी मात्र पानं बाजूला सारून पुन्हा पसरली होती. माती हाताएवढी हलवलेली, वरून थापटलेली. तिच्यावर पांढुरका डाग, आणि त्या डागाकडं निघालेली मुंग्यांची रांग.

तिनं मातीला हात लावला नाही. पायांतल्या चपला काढल्या आणि तशीच उभी राहिली.

तान्हं लेकरू गेलं तर त्याला जाळत नाहीत, पुरतात. पुरुष घेऊन जातात. आई बाळंतिणीच्या खाटेवर असते. तिला जागा कधीही सांगत नाहीत.

५

“दादा, चला. नथूकाका जरा फिरवून आणतील.”

किशोर नको म्हणणार होता. शुभांगीचा चेहरा पाहून मुकाट होडीत बसला. वळणावर नथूनं न सांगताच होडी थांबवली. करंजाची सावली पाण्यावर हलत होती.

“मी आता बोलते, चुकलं तर सांगा,” शुभांगी म्हणाली. “चांदी ठेवून नाळ नेली. म्हणजे नेणाऱ्याला नाळच हवी होती. काकू म्हणतात करणी. पण करणी करणारा डबीचं झाकण परत एवढं जपून लावत नाही. ते कुणीतरी मायेनं लावलंय. सोनालीच्या तर हातावरच ती पडली होती, तिला चोरायची गरजच नव्हती. घरात वस्तू हरवली की सगळे शोधतात. जो शोधत नाही त्याला ती कुठं आहे हे ठाऊक असतं. तुम्ही सकाळपासून एक उशी उचलली नाहीत. पहाटे तुम्ही दूध नेलंत, आणि वाटी मातीवर ठेवलीत.” पुढचं तिलाही जड जात होतं. “आणि या पाटाला तुम्ही वळण घ्यायला लावलंत. जिथं देव नाही, विहीर नाही, तिथली माती माणूस कशासाठी राखतो, दादा? माझी पण लेक लहान आहे. मला फार वेळ नाही लागला.”

किशोर पाण्यात बघत होता.

“मुलगी होती,” तो म्हणाला. “दोन दिवसांची. दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलेली. गौतमीनं तिला धड हातात घेतलंही नव्हतं.”

“खड्डा मी काढला. तवा ह्यांच्याच शेतावर कामाला व्हतो,” नथू टोपी मुठीत चुरगाळत म्हणाला. “मीठ ह्यांनी घातलं. म्हातारं धनी म्हनलं, आता तोंड फिरवा, मागं बघू नका.”

“मी बघितलं मागं,” किशोर म्हणाला. “तिची नाळसुद्धा पडली नव्हती हो. तशीच गेली, नाळेसकट. घरात म्हणाले, पुन्हा नाव काढायचं नाही, पुढच्यावर सावली पडते. सूसला परत गेलो तर तिच्यासाठी शिवलेली दुपटी पण कुणीतरी उचलून टाकलेली. जणू कुणी नव्हतंच. काल आई म्हणाली, उद्या नाळ लॉकेटला जाणार. मला झोपच येईना. याला सगळं आहे. बारसं आहे, पाळणा आहे. तिला काहीच दिलं नाही आपण. म्हटलं, भावाचं एवढं तरी जवळ असू दे. सोबतीला.”

एक मासा वर येऊन गेला. पाण्यावर वर्तुळं उठली आणि विरली.

“मग सकाळी बोलला का नाहीत?”

“नेली म्हटलं की कुठं ठेवली हे आलंच. आणि आईला जागा सांगायची नसते. सगळे हेच म्हणतात. तिनं जागा पाहिली आणि याला काही झालं तर? मी शिकलेला माणूस आहे, मला हे पटत नाही. पण भीती वाटते. फार भीती वाटते मला.”

शुभांगीला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. पण तिच्या डोळ्यांसमोर तेलाच्या खोलीतलं ते स्टूल होतं.

“दादा, संध्याकाळी काकू वाडीवर जाणारेत. मग सोनालीच्या हातात कुणी लेकरू देणार नाही. तिला वहिनींनी सगळं सांगितलंय, मला वाटतं. तिनं एक शब्द बोलून दाखवला असता तर संशय दुसरीकडं वळला असता. नाही बोलली. तुमच्या घरचं झाकायला ती पोर मरायला तयार झालीय.” तिनं करंजाकडं बोट केलं. “लेकीसाठी तुम्ही अख्खा पाट वाकवलात. एका वाक्याला का अडता?”

किशोरनं तोंडावरून हात फिरवला. मग नथूकडं न बघताच म्हणाला,

“काका, होडी फिरवा.”

६

सान मारुतीच्या ओसरीवर सामान येऊन पडलं होतं. गाडी लागली होती. बंडोपंत हात चोळत उभे, रंभाबाई लाडवांचा डबा घेऊन आलेल्या, साफसफाईच्या दोघीतिघी पायरीशी. सोनाली सगळ्यांत मागं. तिला बोलावलं नव्हतं. निकाल ऐकायला ती आपणहून आली होती.

“मग? सापडला का चोर?” कल्पनाबाई शुभांगीला म्हणाल्या.

“आई,” किशोर पुढं झाला. “नाळ मी नेली.”

“तू? आरं, तू कशाला...”

“बाळाच्या ताईला दिली.”

त्या घरात हा शब्द आजवर कुणी उच्चारला नव्हता. कल्पनाबाई मटकन बॅगेवर बसल्या.

गौतमी दाराच्या चौकटीत उभी होती, बाळ छातीशी. तिनं एवढंच विचारलं,

“कुठं आहे ती?”

“इथंच. करंजाखाली.”

“वळणावर?”

किशोरनं मान हलवली. गौतमीनं पाण्याकडं पाहिलं. “सव्वा महिना मी तिच्या उशाशी ये-जा करतेय किशोर. रोज. होडीत बसून.”

“बाळंतिणीनं जाऊ नये गं तिकडं,” कल्पनाबाई पुटपुटल्या, पण त्यात आता जोर नव्हता. “तिची दुपटी मीच उचलली रे. टाकली न्हाई. माझ्या लोखंडी पेटीत हायेत. शिवली होती मी सोताच्या हातानं, ती कुणाला दावनार होते?” आणि एवढा वेळ सगळ्यांना धारेवर धरणारी ती बाई पदर तोंडात कोंबून रडायला लागली.

गौतमी त्यांच्यापाशी क्षणभर वाकली, खांद्यावर हात ठेवला. मग सरळ पायऱ्या उतरून मागं गेली आणि बाळ सोनालीपुढं धरलं.

“धरशील जरा? मी येते जाऊन.”

सोनालीचे हात आपोआप पुढं आले आणि मधेच थबकले. तिनं ते मागं घेतले.

“वयनी, घेते की. पन आदी काकूंनी म्हनावं. सकाळी समद्यांदेखत बोलल्या, आता समद्यांदेखतच म्हनावं, नाळ कुनी नेली ते.”

बंडोपंत खाकरले. रंभाबाईंनी डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. कल्पनाबाईंनी डोळे पुसले. उठायला त्यांना वेळ लागला. गुडघ्यांपेक्षा ताठा जास्त आखडलेला. पण उठल्या. पायऱ्या उतरल्या. सुनेच्या हातातून नातू घेतला आणि स्वतः सोनालीच्या हातांत ठेवला.

“माझ्या लेकानं नेली. तुझा काय बी संबंध न्हाई. मी वंगाळ बोलले, लई वंगाळ बोलले.” मग आवाज चढवून, सगळ्यांकडं बघत, “वाडीवर मी येनारच हाय आज. तुझ्या सासूला सांगायचंय मला, नातवाचं बारसं हाय आन् पाळण्यात त्याला तू घालनार हायेस. बघते कोन काय म्हनतंय ते.”

सोनालीनं बाळाला खांद्यावर घेतलं, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली,

“प्यालाय न्हवं? मंग ढेकर काडते.”

नथूनं किशोर-गौतमीला वळणावर उतरवलं आणि होडी थोडी पुढं नेऊन थांबवली. शुभांगी होडीतच होती. उन्हं कलली होती, करंजाची पानं गळत होती, एखाददुसरं पाण्यावर येऊन हळूहळू निघून जात होतं.

गौतमी त्या हलवलेल्या मातीपाशी बसली. आधी नुसती बसली. मग तिनं दोन्ही तळवे मातीवर ठेवले, तापलेल्या पोराच्या पाठीवर ठेवावेत तसे. रडली नाही. जमीन थापटत राहिली, एका लयीत, हळूहळू, जसं कुठलीही आई झोपेला आलेल्या पोराला थापटते.

किशोर चार हातांवर उभा होता. पाण्यावरून बोलणं लांब ऐकू येतं.

“घाबरत होतो गं मी,” तो म्हणाला. “आणि वाईट एकाच गोष्टीचं वाटत राहिलं. बारशाआधीच गेली. साधं नाव नाही ठेवता आलं आपल्याला तिचं.”

गौतमीचे हात थांबले.

“ठेवलंय की,” ती म्हणाली. “तेव्हाच ठेवलंय. रोज हाक मारते मी तिला, मनात. तू कधी विचारलंच नाहीस.”

शुभांगीनं नथूच्या दंडाला हात लावला. त्यानं पाणी न वाजवता वल्हं टाकलं आणि होडी सरकली. मागं वळून तिनं एकदाच पाहिलं. किशोर बायकोशेजारी मातीत बसला होता, मान तिच्याकडं झुकवून, आणि विचारत होता.